एक्याऐंशीचं कार्ड

नाही काकू, ते खोडा. ‘आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या’ तर खोडाच — अहो, माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. कोणी सांगितलं तुम्हाला, दिपेशने ना? वाटलंच. नवऱ्याला विचारून बायकोचा परिचय लिहिलात की असंच होणार — तो दिवसभर हाटकेशला बिल्डरच्या साइट ऑफिसात बसून फ्लॅट विकतो, आहे तेवढंच सांगणं त्याला जमतच नाही, संडासाच्या खिडकीतून खाडीचा कोपरा दिसला तरी ‘सी फेसिंग’ म्हणतो. बसा ना तुम्ही, असं उभ्याने नका लिहू. ती बॅग सरकवा — जपून, जड आहे — हो, त्याच काठ्या, गोल्फच्या. त्यांना क्लब म्हणतात, पण आमच्या सोसायटीत सगळे काठ्याच म्हणतात, वॉचमन तर ‘मॅडम का हॉकी’ म्हणतो. सान्वीची स्कूलबस साडेपाचला येते, तोवर मी मोकळीच आहे — मोकळी म्हणजे, चारपासूनच घड्याळाकडे बघत बसते, बस उलटली असेल, ड्रायव्हरला चक्कर आली असेल, भलत्याच स्टॉपला उतरवलं असेल पोरीला. पण ते परिचयात नको.

‘मीरा-भाईंदरची पहिली महिला गोल्फर.’ आता हे बघा — पहिली कशावरून? दुसरी आहे का कोणी? एकटीच असले तर पहिलीही मीच आणि शेवटचीही मीच. मागच्या नवरात्रात तुमच्या मंडळाने पोळीभाजी केंद्राच्या चंपाताईंना नवदुर्गा केलं, ते मला मनापासून पटलं होतं. त्या बाईने नवघरच्या दहा बायकांना कामाला लावलं. मी काय केलं? एवढासा पांढरा चेंडू लांब मारला आणि मग तो शोधत फिरले. चार वर्षं. त्याची शाल आणि नारळ देणार तुम्ही मला, माईकवर माझं नाव घेणार, आणि खाली बायका टाळ्या वाजवणार — ते नकोच मला. नाही, विनय वगैरे नाही हो. खरंच नको.

आणि तो आकडा — तोही नको. एक्याऐंशी. तुम्ही तर खाली दोन रेघा मारल्यात. का म्हणजे — लोकांना कळणार नाही ना. या खेळात आकडा जितका कमी तितका चांगला, क्रिकेटच्या उलट. अठरा खड्डे, प्रत्येकात चेंडू घालायचा, सगळे मिळून किती फटके लागले ते मोजायचं. खरा तयारीचा खेळाडू बहात्तरात संपवतो. मी परत सुरुवात केली तेव्हा मला एकशे अठरा लागत होते. आणि डोक्यात काय होतं माझ्या? — हसाल तुम्ही — बायकांची देशपातळीवरची हौशी स्पर्धा असते, तिच्यात एकदा खेळायचं. जिंकायचं नाही, तेवढी कुवत नाही, ठाऊक आहे मला. पण त्या यादीत नाव. डिसेंबरात आहे ती. तिच्यासाठी चार स्पर्धांची कार्डं लागतात, आणि एकाही कार्डावर एक्याऐंशीच्या वर आकडा चालत नाही. तीन होती माझ्याकडे. चौथं दोन आठवड्यांपूर्वी मिळालं, नाशिककडच्या एका क्लबात. एक्याऐंशी. बरोब्बर. सोमवारी यादी लागेल. दिपेशने सोसायटीत पेढे वाटले ते त्याचेच — तुम्हालाही दिले असतील. चांगले होते? मी नाही खाल्ला.

वडिलांचं लिहा हवं तर, ते लिहिण्यासारखं आहे. रत्नागिरीकडचे, नाव बबन, मुंबईतल्या एका मोठ्या गोल्फ क्लबात माळी. आम्ही तिथेच मागे स्टाफच्या खोल्यांत राहायचो. सोमवारी क्लब मेंबरांना बंद असायचा, गवताची कामं व्हायची, आणि त्या दिवशी संध्याकाळी माळी, स्वयंपाकी, कॅडी या सगळ्यांना खेळायची मुभा. कॅडी म्हणजे मेंबरच्या मागून त्याची बॅग घेऊन चालणारा. बाबांनी मला नऊ वर्षांची असताना एका मेंबरने रागाने फेकलेली वाकडी काठी दिली. पहिले तीस-चाळीस फटके नुसते हवेत गेले. मग एक लागला. तो आवाज — नाही, ते नका लिहू. प्रत्येक गोल्फवाला त्या आवाजाबद्दल डोळे मिटून बोलतो, मला शिसारी येते त्या बोलण्याची. पुढे कॉलेज, मग नोकरी, लग्न, इथे जेसल पार्कला आलो, सान्वी झाली, आणि माझी जी काही घाबरगुंडी सुरू झाली ना काकू — ताप नसला तरी दर तासाला थर्मामीटर. ती झोपली की श्वास चालू आहे का बघायला मी नाकाशी बोट धरायचे, आणि ती दचकून उठायची, मग दोघी रडत बसायचो. नोकरी सुटली ती तेव्हाच. एक दिवस दिपेश बाबांकडे गेला आणि ती वाकडी काठी घेऊन आला. दारातच म्हणाला, ‘घे. पण कशाला तरी मार बाई, नाहीतर मला मारशील.’ असा आहे तो. म्हणूनच — असू दे.

प्रॅक्टिस? प्रॅक्टिसचं लिहाल तर लोक जेवणार नाहीत. आधी गच्चीवर करायचे. चेंडू अडवायला जाळं हवं, ते उत्तनच्या सरूबाई कोळणीकडून आणलं, मासे पकडायचं, जुनं. ती मला विचारते, ‘गच्चीवर काय मासं गावतान काय तुला?’ कितीदा धुतलं ते — साबणाने, सोड्याने — पण ऊन चढलं की सुकटीचा असा वास सुटायचा की वरच्या मजल्यावरच्या शहांनी लेखी तक्रार केली. शुद्ध शाकाहारी माणसं, त्यांचं तरी काय चुकलं. माझ्या हाताला, केसांना, सान्वीच्या दुधाच्या बाटलीला तोच वास. मग मिठागरांकडे जायला लागले. पलीकडे बांधांच्या मधे उन्हाळ्यात कोरडी जागा असते ना, सपाट, लांबच्या लांब — तिथे सकाळी सहाला. आणि सहाला तिथे कोण असतं ते तुम्हाला सांगायला नको. डबे घेऊन बसलेले असतात ओळीने. त्यांना माझी लाज आणि मला त्यांची. मी चेंडू मारणार, तो जाणार त्यांच्या दिशेने, ते बसल्या जागी ओरडणार, ‘ओ मॅडम, देख के!’ — कोणी कोणाला ओरडायचं, सांगा. आणि मग चेंडू शोधायचे. कशातून शोधायचे ते विचारू नका. मी सान्वीचे जुने लंगोट हाताला गुंडाळून उचलायचे, घरी येऊन डेटॉलमध्ये बुडवायचे, नखं घासून घासून रक्त काढायचे, आणि पोरीला हात लावायच्या आधी पुन्हा एकदा धुवायचे. तीन वर्षं. कोणी मला सांगितलं असतं की हे सगळं देशासाठी आहे तर मी सहन केलंही असतं. पण देश कुठला? माझं एकटीचं खूळ.

आणि प्रवास. ऐकायला किती छान वाटतं ना, ‘विविध राज्यांतील मैदाने गाजवली’. दिपेशचंच वाक्य. गाजवली कसली, एसटीच्या टपावर बॅग, कंडक्टर विचारणार ‘बंदुका हायेत का?’, लॉजच्या चादरींवर आदल्या माणसाचे केस, मी त्यावर घरून नेलेली चादर घालणार आणि तरीही उभ्यानेच झोपल्यासारखी झोपणार. वापीला गेले, सुरतेला गेले, पुण्याजवळच्या एका लष्करी मैदानावर गेले. आणि सगळीकडे ते क्लबातले लोक. एक गृहस्थ, साठीचे, सगळे त्यांना सर म्हणतात — मी एकटी दिसले की ‘तुझा स्टान्स सुधारतो’ म्हणून मागून कमरेला हात. स्टान्स म्हणजे उभं राहायची पद्धत. माझी उभं राहायची पद्धत बाबांनी शिकवली आहे, चांगली आहे. मी काय केलं? हसले. ‘थँक यू सर’ म्हणाले. कारण तेच स्पर्धेच्या कमिटीवर. आणि त्या नाशिकच्या क्लबात सान्वी बरोबर होती — सासूबाई गावी गेलेल्या, तिला कुठे ठेवणार — तर बायकांच्या खोलीतल्या मावशींनी मला दारातच अडवलं, ‘आयांचा संडास मागे आहे, तिकडून जा.’ मुलीचा हात धरलेला, खांद्याला पिशवी, रंग हा असा — आया समजल्या. आणि काकू, मी गेले. मागे गेले. भांडले नाही, सांगितलं नाही की मी खेळायला आलेय. ओल्या पोत्यावरून चालत गेले, कडी नसलेलं दार एका पायाने दाबून धरलं, आणि मनात काय म्हणाले, माहितीये? थांबा, यादी लागू दे. त्या यादीसाठी मी काय काय गिळलं त्याची यादी वेगळी.

नाही, त्या लोकांबद्दल एक सांगतेच, तुम्ही लिहू नका, पण ऐका. लहानपणी बाबांच्या मागे फिरताना मी पाहिलेलं. तेव्हा कॅडी अनवाणी असायचे. मेंबरचा चेंडू झाडीत गेला की कॅडी पुढे पळायचा, आणि मेंबर पोचेपर्यंत पायाच्या अंगठ्याने आणि बोटाने चेंडू असा चिमटीत धरून अलगद बाहेर मोकळ्यावर. वाकायचंसुद्धा नाही. चालता चालता. मग ओरडायचं, ‘मिल गया साब, अच्छा पडा है.’ आणि साहेब? साहेब त्या वेळी आकाशाकडे बघत असायचे. सगळे. जणू शिकवलंय कोणी. पाय खाली हलतोय तोवर वर ढग बघायचे, ‘आज गरम है’ वगैरे म्हणायचे, मग खाली बघून आश्चर्य — अरे वा, चांगला पडलाय. कॅडीला संध्याकाळी दहा रुपये जास्त. मला त्या कॅडींचा कधी राग आला नाही, त्यांचं पोट होतं. मला त्या वर बघणाऱ्या मानांची किळस यायची. पांढऱ्या कॉलरमधून वर आलेल्या त्या गुबगुबीत माना. मी घरी येऊन नक्कल करायचे, बाबा हसून लोळायचे. लग्नानंतर दिपेशलाही करून दाखवली, कितीदा तरी. पाहुणे आले की तोच म्हणायचा, ‘संचिता, ते साहेबांचं कर ना.’

हं? नाही, थांबले नाही. घोटभर पिते जरा. तुम्ही पण घ्या पाणी.

तर नाशिकला. माझ्या बरोबर पुण्याच्या एक रुचिता मॅडम होत्या खेळायला. माझा आकडा त्या लिहिणार, त्यांचा मी. या खेळात अंपायर नसतो काकू, ही एक गोष्ट आहे त्यात. कुणी मागे फिरत नाही शिट्टी घेऊन. तुमचं चुकलं तर तुम्हीच हात वर करून सांगायचं, दंड तुम्हीच स्वतःला लावायचा, आणि शेवटी कार्डावर दोघींनी सही करायची. एवढंच. बाबा म्हणायचे त्या मेंबर लोकांना खेळ कळलाच नाही, सोमवारी आम्ही खेळतो तो खेळ. बॅग घ्यायला माझ्याकडे कोण असणार, दिपेश. एका खांद्यावर बॅग, दुसऱ्यावर अर्धा वेळ सान्वी, घामाने निथळतोय, साइट ऑफिसचे काळे बूट घालून आलेला, कारण खेळाचे बूट नाहीत. तोंडाने हरिनाम जपावं तसं ‘होईल गं, होईल गं’. सोळा खड्डे झाले तेव्हा माझे बहात्तर झाले होते. उरलेल्या दोन खड्ड्यांत नऊ. नऊ झाले तर यादी, दहा झाले तर घरी. आणि सतराव्याला मी पहिलाच फटका असा काही हाणला की चेंडू उजवीकडे सरळ बाभळीत.

दिपेश आणि सान्वी पुढे गेले शोधायला. रुचिता मॅडम पार पलीकडे आपल्या चेंडूपाशी. मी मागून येतेय, वीस-पंचवीस पावलांवर. आणि मला दिसला. चेंडू. बुंध्याला चिकटलेला, मुळाच्या खाचेत, तिथून देवालासुद्धा बाहेर मारता आला नसता. तो दिसला आणि त्याच्या बाजूला दिपेशचा बूट दिसला. त्याने इकडे बघितलं नाही, तिकडे बघितलं नाही, चालता चालता — अनवाणी नव्हता, त्यामुळे चिमटीत धरता आला नाही त्याला — बुटाच्या टोकाने हळूच ढकलला. तीन फूट. फार नाही. एकदम मोकळी जागा, समोर निशाणापर्यंत वाट स्वच्छ. आणि ओरडला, ‘मिळाला गं! मस्त पडलाय!’

मी वर बघितलं काकू.

मान आपोआप वर गेली. कोणी सांगितलं नाही. निळं आभाळ होतं, एक घार होती, मी तिच्याकडे बघत चालत होते, आणि मला वाटतं मी म्हणालेसुद्धा काहीतरी — ऊन आहे का कायसं. मग खाली बघितलं आणि अरे वा केलं. खरंच केलं. आणि मग जो फटका मारला तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फटका. ते तर त्याहून घाणेरडं. सतराव्याला पाच, अठराव्याला चार. नऊ. रुचिता मॅडमनी मिठी मारली मला, त्यांच्या अंगाला मंद चंदनाचा वास होता, आणि मला वाटलं माझ्या अंगाला त्या जाळ्याचा येत असणार. त्यांनी कार्डावर सही केली. मी केली. बँकेत माझी सही दर वेळी वेगळी येते, चेक परत येतात — त्या दिवशी कशी देखणी आली, लपेटीसकट.

खरं सांगितलं असतं तर? एक फटका दंडाचा, चेंडू परत खाचेत ठेवायचा, तिथून आडवा बाहेर काढायला आणखी एक. त्र्याऐंशी. बस, संपलं, घरी. आता सांगितलं तर त्र्याऐंशीसुद्धा नाही, चुकीच्या कार्डावर सही केली म्हणून सरळ बाद, आणि का बाद ते सगळ्यांना कळणार, रुचिता मॅडमना, त्या कमरेला हात लावणाऱ्या सरांना, त्या मावशींना. दिपेशला एसटीत विचारलं मी. ‘का केलंस?’ तर म्हणतो, ‘काय केलं?’ मग म्हणतो, ‘अगं तीन फूट! मी साडेपाचशे फुटांचा फ्लॅट आठशेचा म्हणून विकतो, लोक राहतात त्यात, सुखाने राहतात, सत्यनारायण घालतात. सुपर बिल्टअप म्हणतात त्याला.’ हसला. आणि मग गंभीर होऊन म्हणाला, ‘तू चार वर्षं शेणात हात घातलेस. एका झाडापायी जाऊ देणार होतो का मी?’ आता याला काय बोलणार? प्रेमच आहे ते. तेच तर. माझा एक्याऐंशी सुपर बिल्टअप आहे काकू, खरा कार्पेट त्र्याऐंशी. हसा, हसा. मी पण हसले होते, एसटीत. हसले म्हणूनच त्याला वाटलं मिटलं.

तेव्हापासून मला त्याच्या पायाकडे बघवत नाही. रोज जेवायला मांडी घालून बसतो, उजव्या पायाचा अंगठा हलवायची सवय आहे त्याला, लहानपणापासूनची — मी ताट उचलून ओट्यापाशी उभ्याने जेवते. परवा म्हटलं, घरात मोजे घाल, फरशी गार आहे. ऑक्टोबर आहे काकू, माणसं उकडून निघतायत, आणि तो बिचारा मोजे घालून बसतो. का, ते विचारत नाही. तेही सहन होत नाही मला. आणि खरं म्हणजे पाय त्याचा होता पण मान माझी होती, ती तर मला आरशात रोज दिसते. मान कशी झाकणार? त्या साहेबांची नक्कल करता करता — नाही, त्याला नटवायचं नाही. मी मेंबर झाले, एवढंच. बबन माळ्याची पोरगी मेंबर झाली. लिहा हे परिचयात.

काय म्हणता? एवढं काय त्यात, कोणी बघितलं? बघितलं ना. तेच तर सांगतेय. सान्वी होती की तिथे. त्याच्या बाजूलाच उभी होती, त्याचं बोट धरून. आणि एसटीत, आम्ही हसत होतो तेव्हा, ती मोठ्याने म्हणाली, ‘पप्पांनी मम्मीच्या बॉलला किक मारली!’ पुढच्या सीटवर त्याच स्पर्धेतल्या दोन मुली बसलेल्या. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. ‘शू. हे कुणाला सांगायचं नाही हं सोन्या. आपलं सिक्रेट.’ आणि तिला वेफर्सची पिशवी घेऊन दिली बसस्टँडवर. मोठी.

तुम्ही तीस वर्षं शाळेत शिकवलंत, तुम्हाला सांगायला नको, आजकाल आपण मुलींना काय काय शिकवतो. पेपरात रोज काहीतरी असतं. मी तर तिला तीन वर्षांची असल्यापासून घोकून घेते, दात घासताना, वेणी घालताना. कुठल्याही मोठ्या माणसाने — काका असो, ड्रायव्हर असो, टीचर असो, घरातला असो — खाऊ दिला आणि म्हणाला ‘कुणाला सांगू नको’, तर काय करायचं? ती म्हणते, पळत यायचं आणि मम्मीला सांगायचं. शाब्बास. रोज. तिला पाढे येत नाहीत पण हे येतं.

तर काल. शाळेतून आली, बूट काढले, दप्तर जागेवर ठेवलं — कधी ठेवत नाही — आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. हाताची घडी घालून, शाळेत कविता म्हणतात तशी. म्हणाली, ‘मम्मी, एका मोठ्या माणसाने मला खाऊ दिला आणि सांगितलं कुणाला सांगू नको.’ काकू, माझ्या हातातलं पातेलं कुठे पडलं मला कळलं नाही. गुडघ्यावर बसले, तिचे दोन्ही खांदे धरले, तिचे कपडे बघितले, तिचे हात बघितले, बसचा ड्रायव्हर माझ्या डोळ्यांपुढे आला, बसचा क्लीनर आला, खालचा वॉचमन आला, मी विचारलं, ‘कोणी? कोणी सांगितलं? घाबरू नकोस, मम्मी आहे ना, कोण ते?’

‘तू,’ म्हणाली.

रागाने नाही हो. आरोप नाही. तिला शिकवलेलं तिने केलं, आणि शाब्बासकीची वाट बघत उभी होती. पाच वर्षांची आहे. तिने किती दिवस विचार केला असेल — सांगायचं तर मम्मीला, पण सांगितलंय मम्मीनेच, मग आता कुणाकडे पळत जायचं? दोन आठवडे तिच्या डोक्यात ते फिरत होतं आणि मी इथे साड्या बघत होते. तुमच्या कार्यक्रमाला कुठली नेसू म्हणून. मोरपिशी की मरून. उठले आणि बेसिनमध्ये ओकले, खरंच ओकले, आणि ती मागून माझी पाठ चोळत होती, मी तिची चोळते तशी.

नाही, नका लिहू आता काही. पेन ठेवा. फ्लेक्स छापायला गेलाय? फोटोसकट? नाक्यावर लागणार? — मग त्यांना फोन करा आणि माझ्या जागी दुसरं कोणी टाका. जागा रिकामी ठेवा. आठच दुर्गा करा यंदा, देवी काही मोजायला येणार नाही. मंडळाची अडचण होईल, कळतंय मला, पाहुण्यांना पत्रिका गेल्या असतील. सॉरी. पण मी त्या स्टेजवर उभी राहणार नाही, सान्वी खाली पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार माझ्यासाठी, तिला ठाऊक आहे सगळं आणि ती तरी वाजवेल, कारण मीच वाजव म्हणून सांगणार. त्यापेक्षा मिठागर बरं.

काय म्हणालात?

नाही काकू. असं म्हणू नका. ‘माझ्याकडून कुणाला कळणार नाही’ — तुम्ही चांगल्या भावनेने म्हणताय, पण अख्ख्या जेसल पार्कात कुणाचं काय शिजतंय ते तुम्हाला दुसऱ्या दिवशी ठाऊक असतं आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना, आणि आज नेमकं तुम्ही गप्प बसायचं ठरवता? राग नका मानू. मला वाटतं मी त्यासाठीच तुम्हाला बसवून ठेवलं — की माझं मला सांगायला नको, तुमच्या तोंडून आपोआप जाईल, आणि मी घरात बसून म्हणेन, बघा कसे लोक असतात. म्हणजे परत कुणाचा तरी पाय आणि मी वर बघणार. शी. काय बाई आहे मी.

सव्वापाच झाले. उठा तुम्ही काकू. क्लबच्या सेक्रेटरींचा नंबर आहे माझ्याकडे, सहापर्यंत असतात ते ऑफिसात. नाही, थांबू नका तुम्ही, आधार वगैरे काही नको. तुमच्यासमोर नाही करणार मी तो फोन. तुम्ही बघत असलात ना, तर मी त्यातही छान दिसायला बघेन. आवाज कापरा काढेन, डोळ्यांत पाणी आणेन, आणि उद्या तुम्ही मला त्यासाठी शाल द्याल. दिपेश आल्यावर त्यालाही सांगायचंय, आणि त्याला ते कळणार नाही, तो मोजे घालून नुसता बघत बसेल माझ्याकडे. ते सगळं आहे अजून. परिचयाचा कागद घेऊन जा तुमचा. चहा राहिला — राहू दे. दार उघडंच — नको, ओढून घ्या. या. या ना आता काकू, जा.